एच-फोर व्हिसावर शिकागोला यायचं म्हणतेस, तर आधी हे वाच

तू लिहिलंयस की नवऱ्याला कंपनी शिकागोला पाठवतेय, तू नाशिकला बँकेत नऊ वर्षं नोकरी करतेस, मुलगी सहा वर्षांची आहे आणि राजीनामा द्यायचं जवळजवळ ठरलंय. आणि शेवटी ते वाक्य, "ताई, इथे आडनाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, सासरी नोकरीवरून रोज बोलणी खाते, निदान मुलगी तरी समतेच्या देशात वाढेल ना?" त्या एका वाक्यासाठी एवढं लांबलचक लिहितेय. ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

मी २००८ साली आले, मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलच्या बाजूला राहतो आम्ही. इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की या देशात माणसाची पायरी त्याच्या पत्त्यावरून कळते आणि आपल्यासारख्यांची व्हिसाच्या कागदावरून, आणि तू विमानतळावरून बाहेर पडतेस तेव्हाच तुलाही एक पायरी मिळालेली असते, कुणाच्या तरी वरची आणि कुणाच्या तरी खालची. ती कुठली हे माहीत असलेलं बरं.

आधी तुझा कागद. नवऱ्याला विचार की व्हिसा एच-वन (इथल्या कंपनीत नोकरीसाठीचा) आहे का एल-वन (बदलीवाल्यांचा), कारण कंपनी स्वतःच्याच ऑफिसात बदली करून पाठवत असेल तर बऱ्याचदा एल-वन असतो आणि एल-वनवाल्याच्या बायकोला २०२१ च्या अखेरीपासून वेगळं परमिट न काढता नोकरी करता येते. एच-वन असेल तर तू एच-फोर, म्हणजे डिपेंडंट. शिकता येतं, गाडी चालवता येते, फुकट सेवा करता येते, पण पगार घेता येत नाही. २०१५ च्या मे महिन्यात नियम आला की नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याच्या अर्जातला आय-१४० नावाचा टप्पा मंजूर झाला असेल तर एच-फोर बायकोला वर्क परमिट मिळू शकतं. तो टप्पा कंपनीने सुरू केला तर ना! आणि त्यापुढे ग्रीन कार्डाची रांग, तिथे कुठल्याही एका देशाला वर्षाला ७ टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नाही, त्यामुळे भारतातले लोक कित्येक वर्षं नुसते थांबलेले असतात. दरम्यान नवऱ्याची नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर सामान आवरा, आणि तुझा आणि मुलीचा व्हिसा त्याच्याच शेपटीला बांधलेला.

मी सात वर्षं एच-फोरवर काढली. इंजिनिअर होते, पुण्यात चांगली नोकरी होती. इथे नोकरीची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर (आपल्या आधारसारखा समज) नाही, तो नाही म्हणून फोनचं कनेक्शन घेतानासुद्धा नवऱ्याला पुढे करायचं. नवरा चांगला होता, आहे, कधी हिशेब विचारला नाही, तरी केस कापायला जायचं तर "अरे जरा कार्ड दे ना" हे वाक्य तोंडातून काढताना मला जे वाटायचं ते तुला नऊ वर्षं स्वतःच्या पगारावर राहिल्यानंतर दुप्पट वाटेल. म्हणून सांगते, राजीनामा देऊ नकोस, बिनपगारी रजा जितकी मिळेल तितकी काढ, तुझं पीएफ आणि तुझं बचत खातं तुझ्याच नावावर राहू दे, आणि इथे आल्याआल्या बँकेत जॉइंट खातं उघडा. तू बँकेतली आहेस म्हणून सांगते, याच देशात १९७४ चा कायदा येईपर्यंत बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय बँका सर्रास कर्ज नाकारायच्या. म्हणजे माझ्या आईच्या पिढीपर्यंत.

आणि एक गोष्ट, तुझ्या घरी असं नसेल, पण प्रत्येक येणाऱ्या मुलीला मी सांगतेच. आमच्या जुन्या अपार्टमेंटमध्ये एक आपली मुलगी होती, नवरा मारायचा आणि पासपोर्ट कुलपात ठेवायचा, पोलिसांना बोलावलंस तर व्हिसा रद्द करून परत पाठवीन म्हणायचा. दोन वर्षं तिने ते खरं मानलं. पासपोर्ट तुझ्या पर्समध्ये ठेव, ९११ हा इथला पोलिसांना बोलवायचा नंबर पाठ कर, मुलीकडूनही करून घे, आणि शिकागोत 'अपना घर' नावाची संस्था तीसहून जास्त वर्षं हेच काम करतेय, तिचं नाव लक्षात असू दे. अत्याचार झालेल्या एच-फोर बायकोला स्वतंत्र वर्क परमिट मागायची कायद्यात सोय आहे, हे आपल्या बायकांना कुणी सांगतच नाही.

आता पत्त्याचं. २०१५ ला परमिट मिळालं आणि मी एका हॉस्पिटलच्या बिलिंग ऑफिसात लागले, माझ्या डिग्रीचा काही संबंध नाही पण सात वर्षांच्या गॅपनंतर तेच मिळालं. शेजारच्या टेबलावर एक ब्लॅक बाई बसायची, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, सगळे कोड तिनेच मला शिकवले. ती शिकागोच्या दक्षिणेकडच्या साउथ साइडवरून यायची, आधी बस, मग रेड लाइनची शहरातली ट्रेन, मग डाउनटाउनहून उपनगराची लोकल, मेट्रा, जाऊन येऊन रोजचे चार तास. मी एकदा सहज विचारलं, इकडेच का नाही घर घेत? तर तिने रागवायचं सोडून शांतपणे सांगितलं. तिचे आजी-आजोबा मिसिसिपीहून आलेले, वडिलांनी पन्नासच्या दशकात नॉर्थ लॉन्डेल भागात घर घेतलं ते कॉन्ट्रॅक्टवर. हे कॉन्ट्रॅक्ट काय प्रकार आहे मला तेव्हाच कळलं. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर ब्लॅक वस्त्या लाल रंगाने दाखवल्या होत्या, धोकादायक म्हणून, आणि सरकारी विम्याचं घरकर्ज त्या भागात मिळायचंच नाही. मग दलाल अव्वाच्या सव्वा किमतीला हप्त्यांवर घर विकायचे, शेवटचा हप्ता भरेपर्यंत घर त्यांच्याच नावावर, एक हप्ता चुकला की बाहेर काढायचे आणि तेच घर पुढच्याला विकायचे. तिच्या वडिलांनी नऊ वर्षं हप्ते भरले, मग कारखान्यात हाताला लागलं, दोन महिने चुकले, घर गेलं. १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग याच नॉर्थ लॉन्डेलमध्ये भाड्याच्या घरात येऊन राहिले होते घरांच्याच प्रश्नासाठी, आणि मार्क्वेट पार्कात मोर्चा काढला तेव्हा गोऱ्या जमावाने मारलेला दगड त्यांच्या डोक्याला लागला होता. घर देताना भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा १९६८ ला आला, त्यांच्या खुनानंतर आठवड्याभरात.

आणि आम्ही? परदेशी, ग्रीन कार्डसुद्धा नाही, २०१३ ला बँकेने घरकर्ज दिलं, आल्यापासून पाच वर्षांत. मेहनतीने मिळवलं असं मीही म्हणायचे. मेहनत होतीच गं, पण तिच्या वडिलांनी काय कमी केली होती? २०२२ चे आकडे बघ, मधल्या (म्हणजे निम्मी कुटुंबं वर, निम्मी खाली अशा) गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २ लाख ८५ हजार डॉलर आणि मधल्या ब्लॅक कुटुंबाची ४५ हजारांच्या आसपास. पगारातली तफावत एवढी मोठी नाही, ही घरांची आणि वारशाची तफावत आहे.

शाळेचंही तसंच. इथे सरकारी शाळेचा मोठा खर्च त्या भागाच्या घरपट्टीतून निघतो, म्हणून महाग घरं तिथे श्रीमंत शाळा, श्रीमंत शाळा म्हणून घरं आणखी महाग. सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्येच सांगून टाकलंय की शाळांना मिळणारा पैसा सारखा असलाच पाहिजे असं संविधान म्हणत नाही. तुम्हाला घर शोधताना प्रत्येक मराठी माणूस शाळेचं रेटिंग सांगेल आणि आवाज खाली करून "तो एरिया चांगला नाही" म्हणेल. ते ऐकताना त्या एरियात कोण राहतं ते नकाशावर बघ. शिकागोतच स्ट्रीटरव्हिलमध्ये जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुष्य ९० वर्षं आणि इंगलवूडमध्ये ६०, न्यूयॉर्क विद्यापीठाच्या लोकांनी २०१९ ला मोजलं होतं, आणि या दोन भागांमधलं अंतर पंधराएक किलोमीटर. नाशिकरोड ते गंगापूर रोड समज. मी स्वतः चांगल्या शाळेचाच भाग निवडला, तूही तेच करशील, मुलीसाठी करावंच लागतं, पण ती शाळा कशावर उभी आहे ते मुलीला पुढे सांगता आलं पाहिजे.

२०२२ ला माझ्या मुलाला आणि ऑफिसातल्या त्या बाईच्या धाकट्याला एकाच महिन्यात ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं. मी ऑफिसात पेढे नेले. तिने त्या रात्री मुलाला गाडीत बसवून तासभर सराव करून घेतला, पोलिसाने थांबवलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर, खिशात हात घालायचा नाही, कागद काढायच्या आधी विचारायचं, उलट बोलायचं नाही. हे तिने पेढा हातात घेऊन सांगितलं मला. घरी येऊन मीही मुलाला तेच सगळं शिकवलं, कारण सावळा तोही आहे आणि २०१७ मध्ये कॅन्ससच्या ओलेथा गावात आपल्याच एका इंजिनिअरला बारमध्ये "माझ्या देशातून निघून जा" म्हणत गोळी घातली होती. पण तिची भीती रोजची होती, माझी अधूनमधूनची. हा फरक मी विसरू शकत नाही.

आपण इथे आलो कसे तेही बघ ना. १९२३ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड या माणसाला तू गोरा नाहीस म्हणून नागरिकत्व नाकारलं. १९४६ नंतर भारतीयांना दार उघडलं ते वर्षाला १०० जणांपुरतं. खरं दार उघडलं १९६५ ला, आणि ते ब्लॅक लोकांनी रस्त्यावर मार खाऊन नागरी हक्कांचे कायदे करून घेतले त्याच लाटेत. आणि आपली माणसं पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, त्यांच्याबद्दल जे शब्द वापरतात ते मी इथे लिहिणार नाही. जोतिबांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकनांना. पुण्यात बसून त्यांना जे दिसलं ते नेपरव्हिलच्या डेकवर बसून दिसू नये, याचा मला अजून राग येतो.

यातच तुझ्या आडनावाचं उत्तर आहे. गोऱ्या माणसाला तुझ्या आडनावातून काहीच कळत नाही, तो ते नीट उच्चारूही शकत नाही, आणि ऑफिसात ही मोकळीक खरी आहे, तुला ती पहिल्या महिन्यात जाणवेल. पण आपल्या लोकांच्या घरी "मूळचे कुठले तुम्ही?" हा प्रश्न दुसऱ्या वाटी वरणाबरोबर येतोच. सिअॅटलने २०२३ ला जातीभेदावर बंदी घातली, अमेरिकेतलं पहिलं शहर, आणि तो ठराव मांडणारी नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसा कायदा पास केला पण गव्हर्नरने सही केली नाही. जात इथे नसती तर बंदी कशाला लागली असती?

बायकांचं थोडक्यात सांगते. कायदा आणि रस्ता, दोन्ही तिथल्यापेक्षा मोकळे आहेत, रात्री अकराला एकटी गाडी चालवत येते मी, कुणी विचारत नाही. पण आपल्याकडे २०१७ पासून २६ आठवडे भरपगारी बाळंतपणाची रजा आहे आणि इथे देशपातळीवर १९९३ चा कायदा १२ आठवडे देतो, तेही बिनपगारी, तेही ५० हून कमी माणसांच्या कंपनीला लागूच नाही. पूर्णवेळ काम करणाऱ्या बायका पुरुषांच्या एका डॉलरमागे साधारण ८३ सेंट कमावतात. बाळंतपणात दगावण्याचं प्रमाण ब्लॅक बायकांमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट, बिलिंगला बसून मी त्या फायली बघितल्यात, इन्शुरन्स असूनही. आणि दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेव की सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या निकालानंतर गर्भपाताचा कायदा राज्यागणिक वेगळा झालाय, शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये हक्क आहे, शेजारच्या इंडियानात जवळपास बंदी. कंपनीने उद्या टेक्सासला बदली केली तर हा प्रश्न आधी विचार.

धुणंभांड्याला मावशी नसतील, ते तुम्ही दोघांनी करायचं, दोघांनी हा शब्द नवऱ्याला निघायच्या आधीच ऐकव. साफसफाईला इथे बहुतेक मेक्सिकन नाहीतर पोलिश बायका येतात, हॉटेलात वेटरला टिपवर जगावं लागतं कारण टिपवाल्यांचं देशपातळीवरचं किमान वेतन १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंटच आहे, काही राज्यांत जास्त. टिप द्यायला हात आखडू नकोस.

येऊ नकोस असं म्हणत नाहीये मी. मुलगा इथे वाढला याचं मला समाधान आहे. तू फक्त उद्या नवऱ्याला एचआरकडे दोन प्रश्न घेऊन पाठव, व्हिसा एल-वन का एच-वन, आणि एच-वन असेल तर ग्रीन कार्डाची फाइल किती महिन्यांत सुरू करणार, ते लेखी घे. बँकेकडून नऊ वर्षांच्या अनुभवाचं पत्र, डिग्रीच्या सगळ्या मार्कशीट आणि मुलीच्या लसींचा कागद हातातल्या बॅगेत ठेव. उत्तर आलं की मला कळव, मग घर कुठे बघायचं ते बोलू.