‘टीचर, मग तुमच्या आईला का नाही उठवलं?’

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, जय ख्रिस्त. मी ३६ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मंडळीत नऊ वर्षं मुलांची शब्बाथशाळा (रविवारचा बायबलचा वर्ग) घेते. माझी आई कॅन्सरने १९ महिने आजारी होती. आम्ही दर शुक्रवारी उपास-प्रार्थना केली. बाहेरून आलेल्या एका प्रचारकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, ‘ही बरी होणार, प्रभूने मला दाखवलंय.’ पाच आठवड्यांनी आई गेली. मातीच्या दुसऱ्या दिवशी एक बाई मला म्हणाल्या, ‘कुठंतरी विश्वास कमी पडला असेल.’

गेल्या महिन्यात मुलांना याईराच्या मुलीची गोष्ट सांगत होते. येशू त्या मेलेल्या मुलीला ‘तलीथा कूम’, म्हणजे ‘मुली, ऊठ’ म्हणतो, तिथपर्यंत आले, तर एका सात वर्षांच्या मुलाने विचारलं, ‘टीचर, मग तुमच्या आईला का नाही उठवलं?’ मी पुस्तक मिटलं आणि घरी आले. त्यानंतर गेलेले नाही. प्रार्थनेला बसले की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. आईचं बायबल कपाटात आहे, ते उघडवत नाही. माझा विश्वास संपला का? शब्बाथशाळा सोडून देऊ का?
— एक वाचक, राहुरी तालुका

उत्तर : ताई, जय ख्रिस्त.

आधी त्या बाईंच्या बोलण्याचं बघू, कारण तो काटा निघाल्याशिवाय पुढचं काही आत जाणार नाही. त्या जे बोलल्या ते शास्त्राला धरून नाही. प्रेषित पौलाने आजारी लोकांना बरं केल्याचं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. तोच पौल तीमथ्याला शेवटच्या पत्रात लिहितो, की सोबती त्रफिम आजारी पडला म्हणून त्याला मिलेतात ठेवून आलो. एवढंच. त्रफिमाचा विश्वास कमी पडला की पौलाचा, यावर एक अक्षर नाही. तीमथ्याच्या पोटाचं दुखणं होतं, तर त्याला थोडा द्राक्षारस घेत जा असं सांगितलं. पौलाच्या स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा मागूनही निघाला नाही. आणि धरला जाण्याआधी गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवलं, तो टळला नाही. तिथे कुणाचा विश्वास कमी पडला म्हणायचं? तुमच्या आईच्या मरणाचा हिशेब तुमच्या नावावर मांडायचा अधिकार कुणालाही नाही. ज्यांनी ‘प्रभूने दाखवलंय’ म्हणून सांगितलं, त्यांनी प्रभूच्या नावावर स्वतःची इच्छा खपवली. मला याचा राग येतो, आणि तुम्हालाही आला तर ते पाप समजू नका.

आता त्या मुलाचा प्रश्न. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी ४० वर्षं पाळकाचं काम केलं, आता ७१ वर्षांचा आहे, तरी नाही. शुभवर्तमानांत प्रभूने मेलेल्यांतून उठवल्याच्या तीनच गोष्टी सविस्तर येतात: याईराची मुलगी, नाईनच्या विधवेचा मुलगा आणि लाजर. त्याच गावांत त्याच वर्षांत किती जणांच्या तिरड्या निघाल्या असतील. त्या घरांनीही हाच प्रश्न विचारला असेल.

माझ्या घरानेही विचारला. १९८९ साली आमचा मुलगा मेंदूज्वराने पाच दिवसांत गेला. सहा वर्षांचा होता. पुढच्या रविवारी मी वेदीपाशी उभा राहिलो, कारण दुसरा पाळक मिळाला नाही. मतांगीकाराची, म्हणजे सगळ्यांनी मिळून आपला विश्वास बोलून दाखवायची वेळ आली. ‘मी विश्वास धरतो’ असं मंडळी म्हणाली आणि माझे ओठ हलले नाहीत. पुढचे कितीतरी रविवार मी पहिल्या ओळीला खाली बघायचो.

घरी रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना मीच करायचो. नेहमीचे शब्द, नेहमीचा सूर. साताठ आठवड्यांनी एका रात्री बायकोला सांगितलं, ‘मी बोलतो ते खोटं आहे. मला आत काहीच वाटत नाही.’ ती म्हणाली, ‘माझं तर पहिल्या दिवसापासून बंद आहे. तुमच्यासाठी आमेन म्हणत होते.’ म्हणजे दोन महिने आम्ही एकमेकांना सांभाळायला प्रार्थनेचं सोंग करत होतो. त्या रात्री दोघं रडलो, मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा एकत्र.

मग ठरवलं, स्वतःचे शब्द बंद. रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं आणि दिवा मालवायचा. स्तोत्रसंहितेतल्या १५० पैकी किती स्तोत्रं तक्रारीची आहेत, हे पाळक असूनही मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. तेरावं तर ‘कोठवर?’ या सवालानेच सुरू होतं. आणि अठ्ठ्याऐंशीवं तुम्ही जरूर वाचा. शेवटी तरी उजेड येईल म्हणून आपण वाचत जातो, पण ते अंधारातच संपतं. ज्यांनी हे शास्त्रात ठेवलं, त्यांनी देवासमोर असं बोलायची मुभा आपल्याला ठेवली. म्हणून विचारता तर सांगतो: ज्याचा विश्वास संपला तो देवावर रुसत नाही. तो देवाचं नाव सोडून देतो. तुम्ही तर मला पत्र लिहिलंत.

पंडिता रमाबाईंचं मला नेहमी आठवतं. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाल्यावरही त्रैक्याबद्दलच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीबद्दलच्या) शंका त्यांनी गिळल्या नाहीत. ज्या सिस्टर जेराल्डिन त्यांना शिकवत, त्यांच्याशीच पत्रांतून वाद घातला. पुढे १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आईचं काम जिने पुढे न्यायचं ती. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत, ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. पण त्या उरलेल्या महिन्यांतही बायबलच्या भाषांतराचं काम हातातून सोडलं नाही. दौंडजवळच्या केडगावला, आपल्या नगरच्या नव्हे, रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये एकदा जाऊन या. मी त्या दुःखाच्या काळात गेलो होतो, आणि नुसता बसून आलो.

एक विचारायचं राहिलं. झोप लागते का? जेवण जातं का? संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, परत झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. १९ महिने आजारी माणसाचं केलं की शरीर रिकामं होतं. रात्र रात्र जाग येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा, किंवा १४४१६ या सरकारी टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीच्या नंबरावर बोला. त्यात विश्वासाचा काही कमीपणा नाही.

शब्बाथशाळेचं म्हणाल तर दोन महिने शिकवू नका, पण जा. मुलांच्या मागे बसा. प्रभूच्या प्रार्थनेत ‘मी’ कुठेच नाही, सगळीकडे ‘आम्ही’ आहे. ज्या रविवारी तुम्हाला म्हणवत नाही, त्या रविवारी बाकीचे तुमच्या वाटचं म्हणतात. मतांगीकाराच्या वेळी माझंही मंडळीनेच म्हटलं होतं. आमचं परत सुरू झालं ते काही दर्शनाने नव्हे. एका संध्याकाळी स्तोत्र वाचून झालं, मी दिव्याकडे हात नेला, तर बायको अचानक म्हणाली, ‘प्रभू, शेजारच्या सुनेचं बाळंतपण नीट होऊ दे.’ मी आमेन म्हणालो.

त्या मुलाला मात्र वाट बघायला लावू नका. त्याला वाटत असेल, आपण काहीतरी वाईट बोललो म्हणून टीचर यायच्या बंद झाल्या. येत्या रविवारी त्याला जवळ घ्या आणि सांगा, ‘तू विचारलंस ते मी पण येशूला विचारते आहे. अजून सांगितलं नाही त्याने.’

आणि आईचं बायबल काढा. वाचायचं म्हणून नको. नुसती पानं उलटा आणि त्या १९ महिन्यांत तिने कुठे पेन्सिल ओढली आहे, कुठलं पान जास्त मळलं आहे, ते बघा. सापडलं तर मला कळवा.