वाचक विचारतात : पॉलिग्राफ घेणारा माणूस कसा तयार होतो?

प्रश्न : मुलगी यंदा मानसशास्त्रात एम.ए. झाली. पोलिसांसाठी पॉलिग्राफ, म्हणजे 'लाय डिटेक्टर' चाचणीची परीक्षक व्हायचं म्हणते. एका संस्थेचा दोन दिवसांचा सर्टिफिकेट कोर्स आहे. करावा का?
– एक पालक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : फी भरू नका. दोन दिवसांत पट्टे कुठे बांधायचे एवढंच कळतं. आपल्याकडे पॉलिग्राफ परीक्षकाला परवाना देणारा वेगळा कायदा नाही, म्हणून असे कोर्स चालतात. अमेरिकन पॉलिग्राफ असोसिएशनचा निकष पाहा : मूळ प्रशिक्षण किमान ४०० तास, पुढे दर दोन वर्षांत ३० तासांची उजळणी.

हा वेळ यंत्र शिकण्यात जात नाही. छाती-पोटावरच्या दोन नळ्या श्वास टिपतात, बोटांवरचे सेन्सर घाम, दंडावरचा पट्टा रक्तदाब आणि नाडी. हे आठवड्याभरात जमतं. मेहनत लागते ती प्रश्न बांधायला. "तू चोर आहेस का?" हा प्रश्न निरुपयोगी, कारण त्याने कोणीही दचकेल. "१० तारखेच्या रात्री गोदामातल्या पेट्या तू बाहेर काढल्यास का?" हा चालेल : एक कृती, एक वेळ, उत्तर हो किंवा नाही. सगळे प्रश्न आधी वाचून दाखवायचे. चाचणीत नवा शब्द आला की त्या शब्दानेच आलेख उसळतो.

दोन प्रश्नांत २० ते ३० सेकंद सोडावे लागतात, नाहीतर आधीच्या प्रश्नाचा परिणाम पुढच्यात मिसळतो. दहा प्रश्नांची एक फेरी म्हणजे चार-पाच मिनिटं. तेवढा वेळ पट्टा फुगलेला राहिला की हाताला मुंग्या येतात, म्हणून फेऱ्यांमध्ये विश्रांती हवीच. किमान तीन फेऱ्या होतात. मध्येच शिंक आली, पाय हलला, तर त्याच क्षणी आलेखावर खूण करायची आणि तो भाग गुणांत धरायचा नाही. प्रतिक्रियेला गुण द्यायचे ते उणे ३ (खोटेपणाकडे) ते अधिक ३ (खरेपणाकडे). नवखा परीक्षक इथेच चुकतो : तपास अधिकाऱ्याचा संशय डोक्यात घेऊन बसतो आणि मोठ्या श्वासालाही खोटेपणा समजतो. त्यामुळे दुसऱ्या परीक्षकाने नाव न पाहता तेच आलेख तपासणं आम्हाला अत्यावश्यक वाटतं.

मुलीने राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाच्या मानसशास्त्र शाखेतल्या वैज्ञानिक सहायक पदाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. गांधीनगरच्या नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीतलं न्यायसहायक मानसशास्त्राचं शिक्षणही उपयोगी पडेल.

प्रश्न : बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मोजणीत पेट्या कमी निघाल्या. तिथे वॉचमन असलेल्या माझ्या भावाला पोलीस 'लाय डिटेक्टर'ला चल म्हणतात. नाही म्हणता येईल?
– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : येईल. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सांगितलं की कोणावरही ही चाचणी लादता येत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची २०००ची मार्गदर्शक तत्त्वं पाळणं त्याच निकालाने बंधनकारक केलं : संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवायची, चाचणीचे परिणाम आधी समजावायचे, वकील मिळू द्यायचा, आणि चाचणी स्वतंत्र संस्थेने वकिलाच्या उपस्थितीत घ्यायची. पोलीस ठाण्यात कोऱ्या कागदावर घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. संमतीने चाचणी झाली तरी तिचा निष्कर्ष स्वतःहून पुरावा ठरत नाही. मात्र त्यातून मिळालेल्या माहितीवरून माल सापडला, तर तेवढं न्यायालयात वापरता येतं. म्हणून आधी वकिलाला भेटा.

भाऊ तयार असेल तर परीक्षकाचं शिक्षण किती आणि पूर्ण चाचणीचं चित्रीकरण होणार का, हे वकिलामार्फत लेखी विचारा. रात्रपाळी करून थेट चाचणीला बसू नये. रक्तदाबाच्या, झोपेच्या किंवा इतर गोळ्या सुरू असतील तर चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. बोटं गार पडली असतील तरी सांगावं, कारण गार, कोरड्या बोटांवर घामाची रेघ जवळजवळ सपाट येते.