कंपनीच्या ईमेलने मुदत वाढत नाही

एका वाचकाने ऑनलाइन 4,200 रुपयांना घडीचा चाकू घेतला. तिसऱ्या महिन्यात दोर कापताना लॉक निसटलं, पातं मिटलं आणि बोटाला तीन टाके पडले. वॉरंटी एक वर्षाची होती. कंपनीने आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ, मग तक्रार परस्पर बंद केली. पुन्हा तक्रार केली की नवा क्रमांक आणि तेच प्रश्न. आज खरेदीला 23 महिने झाले. आणखी एक ईमेल पाठवू की ग्राहक आयोगात जाऊ, असं ते विचारतात. मिक्सर, मोबाइल, गिझर, प्रत्येक वस्तूबद्दल अशी पत्रं येतात.

ईमेल पुरे झाले. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगात यावं लागतं. कंपनीशी चाललेल्या पत्रव्यवहाराने ही मुदत थांबत नाही, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केल्यानेही नाही. समोरच्याने हरकत घेतली नाही तरी मुदत आयोगाने स्वतः तपासायची, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्टेट बँक विरुद्ध बी. एस. ॲग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या प्रकरणात सांगितलं आहे. लॉक पहिल्यांदा निसटलं त्या दिवसापासून मोजलं तर तुमच्या हातात तीन ते चार महिने आहेत. पण कंपनी खरेदीच्या तारखेपासून मोजेल. तो वाद ओढवून कशाला घ्यायचा? एकच महिना आहे असं धरून चाला. विलंब माफीचा अर्ज करता येतो, मात्र ‘कंपनी उत्तरं देत होती’ हे कारण लंगडं ठरतं. वॉरंटी संपल्याची चिंता नको, कारण पहिली तक्रार वॉरंटीतच केलेली आहे.

चाकू कंपनीकडे पाठवू नका. तो गेला तर पुरावाच गेला. पातं उघडून मुठीच्या बाजूने, शेजारी पट्टी धरून फोटो काढा. लॉकची स्प्रिंगसारखी पत्ती पात्याच्या बुडाखाली किती सरकते, ते त्यात दिसलं पाहिजे. पत्ती काठावरच टेकत असेल तर थोड्याशा दाबानेही ती सुटते. दोष दाखवायला पात्याची पाठ टेबलावर आपटू नका, गैरवापराचा आरोप होईल. फोटो झाले की चाकू पाकिटात सील करा. नुसत्या पाहण्याने दोष ठरत नसेल तर कलम 38 खाली आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवतो. ती फी बहुधा तुम्हालाच भरावी लागेल.

आता पात्याचा स्क्रू. तो तुम्ही स्वतः खोलून घट्ट केला, हे पत्राच्या शेवटच्या ओळीत आलं आहे. टाके पडण्याआधी की नंतर, ते मात्र लिहिलेलं नाही. हा हलगर्जीपणा महागात पडू शकतो. इजा झाली तेव्हा वस्तूत फेरफार केलेला असेल तर कलम 87 प्रमाणे विक्रेत्यावर इजेचा दावा चालत नाही. आधी खोलला असेल तर बोटाच्या भरपाईची आशा फारशी धरू नका, सदोष वस्तूच्या पैशांवर भर द्या. नंतर खोलला असेल तर दवाखान्याचा तारखेसह कागद जोडा. क्रम जो असेल तो तक्रारीत खरा लिहा.

तक्रारीआधी कंपनीला नोटीस देणं सक्तीचं नाही. द्यायचीच तर सात दिवसांची, स्पीड पोस्टने. तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात चालते. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असल्याने शुल्क शून्य, आणि वकील लागतोच असं नाही. विक्रेता, संकेतस्थळ आणि खोक्यावर छापलेला उत्पादक किंवा आयातदार, तिघांनाही पक्षकार करा, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं होतं. ते झालं नाही, हा सेवेतील त्रुटीचा वेगळा मुद्दा मांडा.

निकाल तीन महिन्यांत, वस्तूची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि ग्राहक थकतो, हे संतापजनक आहे. म्हणून मागणी आटोपशीर ठेवा: 4,200 रुपये व्याजासह, दवाखान्याचा खर्च, त्रासाबद्दल वाजवी रक्कम आणि तक्रारीचा खर्च. लाखांची मागणी केली तर ती सिद्धही करावी लागेल. ऑनलाइन तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावर भरता येते. शेवटच्या दिवसाची वाट न पाहता याच आठवड्यात भरा, म्हणजे कागदपत्रांत त्रुटी निघाल्या तरी दुरुस्तीला वेळ उरेल.