सहायकाच्या जागेला नाक मुरडू नका

अंबाजोगाईहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलानं सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, पुण्यात बिल्डरच्या साइटवर सुपरवायझर आहे. त्याला सार्वजनिक बांधकाम विभागात जायचंय, पण ‘जेई’च, म्हणजे कनिष्ठ अभियंताच होईन, त्याखालच्या सहायकाच्या पदाचा अर्ज भरणार नाही म्हणतो. नोकरी सोडून त्याला अभ्यासाला बसवावं का, असं ते विचारतात.

नमस्कार,

नोकरी सोडायला लावू नका. २०२३ मध्ये या खात्याची २,१०९ पदांची जाहिरात आली होती, पण एवढी भरती काही दरवर्षी निघत नाही. तोवर अभ्यासाला संभाजीनगरला ठेवलं, तर खोली-मेसचा खर्च कुठून काढणार? शिवाय त्या जाहिरातीत निम्म्याहून जास्त जागा स्थापत्य अभियांत्रिकी सहायकाच्याच होत्या. ते पद गट क चं, कनिष्ठ अभियंता गट ब अराजपत्रित. फरक आहेच, पण अर्ज दोन्हीकडे भरावा. सहायक म्हणून लागल्यावर जेईची परीक्षा देता येते, आणि तेव्हा घरात पगार चालू असतो.

आता कामाचं. बांधकाम खातं म्हटलं की आपल्याला रस्ता आठवतो, नाहीतर खड्डा. पण तहसील, कोर्ट, शासकीय क्वार्टर, विश्रामगृह, तुमच्या गावचं स्वाराती रुग्णालय, या इमारतींचं कामही याच खात्याकडे. नवी इमारत हवी असते दुसऱ्या विभागाला. अंदाजपत्रक, निविदा, देखरेख आणि बिल मात्र बांधकामवाल्यांनी करायचं. साहेबांच्या बंगल्याचा स्लॅब गळला तरी फोन शाखा अभियंत्यालाच येतो, तोही रात्री. कौतुक कमी आणि कागद फार. मोजमाप पुस्तकातल्या, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीतल्या, एका चुकीच्या आकड्याचा खुलासा पुढे ऑडिटला द्यावा लागतो. ज्याला वही-फाईलचा कंटाळा आहे, त्यानं या वाटेला न गेलेलं बरं. हे तुम्ही नाही, लेकरानं ठरवायचं.

साइटवरचा अनुभव वाया जाणार नाही. स्लॅब भरण्याआधी सळई मोजणं, क्वांटिटी काढणं तो रोज करत असेलच. खात्याची दरसूची, म्हणजे कोणत्या कामाला काय दर धरायचा त्याची यादी, संकेतस्थळावर मिळते. ती घेऊन त्यानं एखाद्या छोट्या खोलीचं अंदाजपत्रक स्वतः करून बघावं. अभ्यासाला सकाळचे दोन तास पुरतील, रविवारी जास्त.

तुम्ही एक काम करा. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर लागू असेल तर आत्ताच काढून ठेवा. जाहिरात निघाली की सेतूत पाय ठेवायला जागा नसते.