‘एकात्म’ आणि ‘समावेशक’ शिक्षण एकच का?

प्रश्न असा आहे: एका शाळेने दिव्यांग मुलाच्या पालकांना लेखी कळवलं, ‘आमच्याकडे एकात्म शिक्षणाची सोय आहे, मात्र आपल्या पाल्यासाठी विशेष शाळा योग्य.’ एकात्म म्हणजेच कायद्यातलं समावेशक का? आणि विशेष शाळा कोणी ठरवायची?

एकच नव्हे. ‘एकात्म’ हा जुना, योजनेतला शब्द. १९७४ साली सुरू झालेली केंद्राची योजना आपल्याकडे ‘अपंग एकात्म शिक्षण योजना’ म्हणून रुळली. तिच्यात मूल नेहमीच्या शाळेत येतं, शाळा मात्र होती तशीच राहते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम २(एम) वाचा. दिव्यांग आणि इतर विद्यार्थी एकत्र शिकतात ‘आणि’ अध्यापन-अध्ययनाची पद्धत दिव्यांग विद्यार्थ्यांच्या गरजांप्रमाणे बदललेली असते, ते समावेशक शिक्षण. माहितीपत्रकांत हा ‘आणि’ हमखास गळतो. कर्णबधिर मुलीला पहिल्या बाकावर बसवलं, पण बाई फळ्याकडे तोंड करूनच बोलतात: एकात्म झालं, समावेशक नाही.

आता विशेष शाळा. कलम ३१ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या, ६ ते १८ वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, ‘त्याच्या पसंतीप्रमाणे’, मोफत शिकण्याचा हक्क आहे. इंग्रजी पाठात ‘पसंती’च्या आधी स्वल्पविराम आहे, त्यामुळे ती दोन्ही पर्यायांना लागू पडते. आणि ‘त्याच्या’ म्हणजे मुलाच्या. मुख्याध्यापकांच्या नव्हे! शाळेने सल्ला जरूर द्यावा, पण तो प्रवेश नाकारण्याचा आधार होत नाही.

‘लक्षणीय’ या शब्दाने मात्र घोळ होतो. तो इथे ‘ठळक दिसणारं’ अशा अर्थाने नाही. कायद्यात ज्या दिव्यांगत्वाची व्याख्या मोजमापात दिलेली नाही, त्यात प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के, असा अर्थ; व्याख्या मोजमापात दिलेली असेल, तर त्या व्याख्येत बसत असल्याचं प्रमाणपत्र पुरतं. पहिल्या प्रकारात ३० टक्के लिहिलं असेल तर कलम ३१ लागू नाही. पण कलम १६ ला ती अट नाही, त्यामुळे भेदभावाशिवाय प्रवेश आणि गरजेप्रमाणे सोयी मागता येतात. नुसतं ‘टक्केवारी कमी आहे’ म्हणून अर्ज परत आला, तर लेखी उत्तरात कलम १६ चा उल्लेख करा.

अर्जात ‘समावेशक शिक्षण मिळावे’ एवढंच मोघम लिहू नका. त्याला ‘देत आहोत’ असं तितकंच मोघम उत्तर येतं. ब्रेल पुस्तकं, खुणांची भाषा, लेखनिक, परीक्षेत जादा वेळ, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, यांपैकी जे हवं ते नावानिशी लिहा. शेवटच्या तिन्हींसाठी कलम १७(आय) आहे.