शिखांचे गुरुपद बापाकडून मुलाकडे जायचे का?

सुरुवातीला नाही, पहिल्या तीन वेळा गुरुपद मुलाला मिळाले नाही. गुरू नानकांना श्रीचंद आणि लखमीदास हे दोन मुलगे होते, तरी 1539 मध्ये त्यांनी आपले शिष्य भाई लहणा यांना गुरू केले. तेच गुरू अंगद. श्रीचंद विरक्त वृत्तीचे होते आणि नानकांची शिकवण प्रपंचात राहून नामस्मरण करण्याची होती, हे मला यातले फार मोलाचे कारण वाटते. गुरू ग्रंथसाहिबातील सत्ता आणि बलवंड यांच्या वारेतही (वार म्हणजे स्तुतिपर दीर्घ कवन), मुलांनी नानकांचा शब्द पाळला नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. अंगदांनंतर गुरू झाले उतारवयातले अमरदास, आणि 1574 मध्ये त्यांचे जावई रामदास.

मात्र 1581 मध्ये रामदासांचे पुत्र अर्जुनदेव गुरू झाल्यापासून गुरुपद त्यांच्या सोढी घराण्यातच राहिले. तिथेही थोरल्याचा हक्क मानला गेला नाही: अर्जुनदेव सर्वांत धाकटे होते, आणि थोरल्या पृथीचंदांनी त्यांना कडवा विरोध केला. बालगुरू हरकृष्णांनंतर तर गुरुपद त्यांच्या आजोबांचे भाऊ तेगबहादूर यांच्याकडे गेले. 1708 मध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथालाच गुरुपद दिले.