दारामागचा पंचा

प्रश्न: डॉक्टर, गेल्या वर्षी आम्ही पर्वरीला फ्लॅटमध्ये राहायला आलो. संडासात जेट स्प्रे आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांना तो फार सोयीचा वाटतो. पण पाऊस लागल्यापासून त्यांच्या जांघेत खाज सुटलीय, कातडी लाल झालीय. त्यांना मधुमेह आहे. टॉयलेट पेपर आणला तर त्या हातही लावत नाहीत. दारामागच्या पंच्याला पुसतात, घरातले बाकीचेही तेच करतात. जेट काढून टाकू का?
— एक सून, पर्वरी

उत्तर: जेट राहू दे, ताई. काढायचा तो पंचा. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्या हवेत दारामागचा पंचा वाळणार कधी? एकाची बुरशी दुसऱ्याला लागायला याहून चांगली सोय नाही.

कागदाच्या बाबतीत मी सासूबाईंच्या बाजूची. ओल्या अंगावर पातळ कागदाचे कण सुटतात आणि घडीत चिकटून बसतात. जुन्या सुती साडीचे वीतभर चौकोन फाडा आणि डब्यात घालून हाताशी ठेवा. धुऊन झालं की लगेच उठायचं नाही, पाणी निथळू द्यायचं. मग एक तुकडा घेऊन टिपायचं. घासायचं नाही, त्या वयात कातडी पातळ झालेली असते. पुढून मागे टिपायचं, नाहीतर मागचे जंतू लघवीच्या वाटेला लागतात. उभं राहिल्यावर दोन्ही जांघांच्या घडीत कोरडा तुकडा दाबून धरायचा. एवढंच नेमकं बहुतेकजणी विसरतात. वापरलेला तुकडा थेट वेगळ्या बादलीत. गरम पाण्यात साबणानं धुवा, आणि ऊन नसेल त्या दिवशी इस्त्री फिरवा. जेटचा दाबही कमी ठेवा, नळाखालचा कॉक अर्धा फिरवला की झालं.

पावडर नको, ओलीत तिच्या गुठळ्या होतात. साबण, जंतुनाशक पाणी रोज नको. सुगंधी ओले वाइप्स तर आणूच नका: त्यांतल्या रसायनांची काहींना ॲलर्जी येते, आणि ते विरघळत नसल्यामुळे सेप्टिक टँकची वाट लागते ती वेगळीच.

आता मधुमेह. साखर वाढलेली असली की बुरशीला आयतं खाद्य मिळतं, मग नुसतं पुसून भागत नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी करून घ्या. गोळ्यांची चिठ्ठीही बघा. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल, तर त्या गोळ्या साखर लघवीतून बाहेर टाकतात आणि त्या भागात बुरशीचा त्रास वाढू शकतो. पण म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नका, ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना सांगा.

फार्मसीतून ‘खाजेची ट्यूब’ आणली असेल, तर तिच्यावर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का ते वाचा. ही स्टिरॉइड्स. खाज दोन दिवसांत थांबते, लाली उतरते, घरचे खूश. आणि आत गजकर्ण हातपाय पसरतं.

आठवडाभरात फरक पडला नाही, कातडीला भेगा गेल्या किंवा पांढरा दह्यासारखा स्राव दिसला, तर बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात त्वचारोग विभागात दाखवा. जाताना ती ट्यूब आणि गोळ्यांची चिठ्ठी बरोबर घ्या.